‘येतंव’ची साक्ष

घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. दार ओलांडणारा ‘येतो’ म्हणतो, आतला ‘ये’ म्हणतो, आणि खरं तर एक जण चालला आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. पिढ्यान्‌पिढ्या हा गोड खोटेपणा कुणाच्या अंगाशी आला नाही. आला तो एकदाच, वाईजवळच्या पसरणीच्या पठारावर, पाषाण भवनाच्या मोठ्या दालनात. तेव्हा त्याच्या एका टोकाला नेदरलँड्स नावाचा आख्खा देश लोंबकळत होता. दुसऱ्या टोकाला ऋजुता आरोलकर होती, आणि ती बिचारी तर कितीतरी वर्षांपासून लोंबकळतच होती.

ऋजुता वेंगुर्ल्याची. वय साठीच्या जरा पुढं, केस काळे करायच्या भानगडीत न पडलेली, चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधणारी. जन्मभर तिनं एकच काम केलं, मालवणी बोलीचं व्याकरण लिहिलं. तरुणपणी लोक विचारायचे, याचा उपयोग काय? तीही म्हणायची, काही नाही. मग जग बदललं आणि उपयोग निघाला.

जग बदललं ते दगडामुळं. आपला सह्याद्री ज्याचा घडला आहे तो काळा पाषाण म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला लाव्हा. त्यात घावनाला असतात तशी बारीक छिद्रं आहेत आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम ठासून भरलेलं आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून अशा खडकात सोडला की ते आंबट पाणी दगडातली ही द्रव्यं सोडवून घेतं, वायूची त्यांच्याशी गाठ पडते आणि छिद्रांत पांढरी चुनखडी धरू लागते. धुराचा दगड होतो. हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं, पण त्याला गोडं पाणी अफाट लागायचं. मग राजापूरकडच्या एका गरम झऱ्यातल्या जिवाणूत एक विकर सापडलं. विकर म्हणजे रासायनिक क्रियेला टाच मारणारं प्रथिन. त्याच्या जोरावर समुद्राचं खारं पाणीही चालू लागलं, आणि दोन पावसाळ्यांत धुराचा दगड होऊ लागला. शाळकरी पोरं ज्या कातळावर बसून करवंदं खायची, तो कातळ एकाएकी जगातली सगळ्यांत मोलाची जागा झाला.

तोवर समुद्र युरोपच्या उंबऱ्याशी आला होता. आशिया-आफ्रिकेतल्या देशांनी एकजूट करून नियम पास करून घेतला होता की ज्यांनी दोनशे वर्षं धूर सोडला त्यांनी तो गोळा करावा, नाहीतर आमच्या बाजारात पाऊल टाकू नये. गोळा करायची यंत्रं युरोपकडे होती, ठेवायला जागा नव्हती. जागा आपल्याकडे होती. एकेकाळी आपली पोरं त्यांच्या वकिलातींबाहेर पहाटेपासून रांगा लावायची आणि आतला साहेब विचारायचा, तुम्ही परत जाल याची खात्री काय? आता फासे उलटे पडले. युरोपातल्या माणसाला दख्खनमध्ये यायचं तर इथल्या एखाद्या पदाधिकाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं निमंत्रण दिलेलं लागे. ते मिळवण्यासाठी भली भली माणसं कुणाच्या ओळखीची ओळख निघते का ते बघत फिरत.

आणखी एक जुना हिशेब चुकता झाला होता. आपल्या पूर्वजांनी न कळणाऱ्या भाषेतल्या कागदांवर शिक्के उठवले होते. म्हणून दख्खन करारात कलमच घातलं की बोलणी यजमानाच्या भाषेत होतील आणि तोंडून गेलेला शब्द हाच करार. कागद नाही, सही नाही. भवनाच्या आवारात, अगदी फाटकापर्यंत, जो शब्द बोलला जाईल तो ऐकायला, लावायला आणि नोंदवायला एक यंत्र होतं. सरकारी नाव लांबलचक होतं, लोक त्याला चित्रगुप्त म्हणत. चित्रगुप्ताचा दिवा एरवी निळा असे. होकार नोंदवला की हिरवा होई. एखाद्या शब्दाचा अर्थ लागेना की पिवळा होई, आणि त्या बोलीच्या भाषासाक्षीला विचारी. भाषासाक्षीनं सांगितलेला अर्थ मग दिल्लीलाही बदलता येत नसे. मालवणीची भाषासाक्षी, आणि म्हणून भवनाची पदाधिकारीही, ऋजुता होती. काळ्या दगडावरची रेघ ही म्हण या भवनात सगळे जरा जपूनच वापरत.

ती बसायची दालनाच्या कडेला, काचेआड. तिला सगळे दिसत, ती कुणाला दिसत नसे. साक्षीवर कुणाचा दाब येऊ नये म्हणून ही सोय होती. त्या दिवसांत ती सोय नसती तर बरं झालं असतं, की आहे तेच बरं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. कारण डच शिष्टमंडळात मारैके नावाच्या उंच, पांढऱ्या केसांच्या प्रमुखबाईंच्या शेजारी, त्यांचं म्हणणं मराठीत मांडायला, निनाद गिरप बसला होता.

निनादही वेंगुर्ल्याचा. आता पोट सुटलं होतं, कानावर ऐकायचं यंत्र आलं होतं, मान मात्र अजून एका बाजूला कलत होती. वेंगुर्ल्यात डचांची जुनी वखार आहे, पार पडकी, भिंतीतून झाडं वर आलेली. कॉलेजच्या दिवसांत ही दोघं तिथं जाऊन बसायची. तो म्हणायचा, हे लोक समुद्राखालच्या जमिनीवर राहतात, त्यांच्याकडून बंदरं बांधायला शिकून येतो आणि आपल्याकडे बांधतो. ती म्हणायची, शिक. दोघांचं काय ते दोघांना कळलेलं होतं, घरच्यांनाही कळलेलं होतं, फक्त कुणी बोललं नव्हतं. मग तो निघाला. तिच्या घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहिला, पाठीवर सॅक, आणि म्हणाला, “येतंय हां.” ती म्हणाली, “ये.” एवढंच.

तो तिकडं शिकला, मग नोकरी लागली, मग नोकरीमुळं थांबला, मग थांबल्यामुळं तिकडचा नागरिक झाला. फोन आधी रोज, मग सणासुदीला, मग पाडव्याला नुसता हात जोडलेला चित्रसंदेश. त्यानं कधी ‘येत नाही’ म्हटलं नाही. त्यानं तसं म्हटलं असतं तर ऋजुतानं रडून घेतलं असतं आणि ती मोकळी झाली असती. पण त्याचा शेवटचा शब्द ‘येतंय’ होता, आणि त्या एका शब्दावर तिनं दोन चांगली स्थळं परतवली. आई म्हणायची, शब्दानं पोट भरत नाही गो. आईचं बरोबर होतं. पण भूकच त्या शब्दाची होती, त्याला ती तरी काय करणार.

शिष्टमंडळाची बोलणी सुरू झाली त्या सकाळी काचेपलीकडून त्याचा आवाज आला आणि तिला कळलं की इतकी वर्षं आपण शहाण्या झालो नव्हतो, फक्त म्हाताऱ्या झालो होतो. तिला तो हवा होता. साठीतल्या बाईला असं काही हवं असणं शोभत नाही म्हणतात. शोभायचं नसतंच त्याला.

बोलणी अडली होती ती एका अटीवर. भारताच्या बाजूचे प्रमुख कौस्तुभ जामदार यांनी मागणी केली होती की दख्खनच्या दगडात जागा हवी तर रॉटरडॅमच्या बंदरात आम्हाला वखार द्या. शब्दही त्यांनी मुद्दाम तोच वापरला. तिथं कायदा आमचा, जकात आमची, आणि मुदत तीन पिढ्यांची. मारैकेबाई रोज नाही म्हणत, पण आवाज रोज थोडा खाली येत होता.

मग एका सकाळी जामदारांनी शेवटचं विचारलं, “आम्ही आणखी थांबणार नाही. करारात येताय का?”

मारैकेबाई उठल्या, त्यांच्यामागून बाकीचे उठले. निनाद सगळ्यांत शेवटी उठला. भरल्या घरातून न बोलता निघायचं त्याच्या हाडात नव्हतं. दाराशी जाऊन तो वळला, हात जोडले आणि म्हणाला, “बरां, येतंव आमी.”

चित्रगुप्ताचा दिवा पिवळा झाला. समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. ‘प्रश्न : करारात येता का? उत्तर : आम्ही येतो. होकार?’

काचेआड ऋजुतानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

जेवणाच्या सुट्टीत जामदार स्वतः तिच्या खोलीत आले. हातात दोन ताटं होती, एक त्यांनी तिच्यासमोर ठेवलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना इतिहास फार पाठ होता, एवढंच.

“ताई, तुमच्या लक्षात आलंच असेल,” ते म्हणाले.

“आधी माझं ऐका, जामदारसाहेब. मी त्या गिरपांना ओळखते. आमच्या गावचे आहेत.”

“वेंगुर्ल्यात कोण कुणाला ओळखत नाही? नियमानं साक्षीला मनाई आहे ती नात्यापुरती. नातं आहे काही?”

ऋजुतानं भाकरीचा तुकडा मोडला. “नातं नाही,” ती म्हणाली. हे उत्तर नियमाला धरून शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच तो तुकडा तिनं परत ताटात ठेवला.

“मग झालं तर. मालवणीला दुसरा साक्षीदार माझ्याकडे नाही. आणि मी तुम्हाला ध चा मा करा म्हणत नाही. ध आहे, त्याला ध म्हणा. मी विचारलं येता का, तो म्हणाला येतो. मराठीत येतो म्हणजे काय?”

“दारात उभं राहून म्हटलं तर जातो.”

जामदार हसले. “हे तुम्हा-आम्हाला माहीत. चित्रगुप्ताला नाही, हेगच्या न्यायालयाला नाही. आपल्याकडच्या किती राजांनी मान हलवली आणि समोरच्यानं तो होकार धरला? तेव्हा कुणी भाषासाक्षी बोलावला होता का? तुमच्या वेंगुर्ल्यातली वखार त्यांनी काय विचारून बांधली?”

“विचारूनच बांधली असणार, साहेब. आणि आपल्यातल्या कुणीतरी बरं म्हटलं असणार. तोच तर घोळ होतो.”

जामदारांनी आपलं ताट संपवलं. मग उठता उठता, साधंसं काहीतरी सांगावं तसं म्हणाले, “शब्द देणाऱ्याचं कलम आठवतंय ना? होकार ठरला तर गिरपांना इथंच राहावं लागेल. त्यांच्या पहिल्या धुराचा दगड होईपर्यंत. दोन पावसाळे तरी. मारैकेबाईंना ते मी सांभाळून सांगेन.”

ते गेले, आणि ऋजुता ताटासमोर तशीच बसून राहिली. ते कलम तिला पाठ होतं. जुन्या तहांत ओलीस ठेवत, त्याचंच हे सभ्य रूप होतं. पण आतापर्यंत ते तिनं कधी स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. दोन पावसाळे. तिनं नुसतं म्हणायचं, ‘येतंव म्हणजे येतो.’ त्यात शब्दशः खोटं काहीच नव्हतं. मग निनाद वाईत राहणार, बाजारात भेटणार, मान कलती करून ‘काय गो’ म्हणणार. ती त्याला सोलकढी करून पाठवणार. आणि काळ्या दगडावर, साऱ्या जगाच्या साक्षीनं, कोरलं जाणार की वेंगुर्ल्याचा माणूस ‘येतंय’ म्हणाला तर तो येतो. म्हणजे ती वेडी नव्हती. म्हणजे तिनं वाट पाहिली ती शब्दाला धरूनच पाहिली.

उलट बाजूला काय होतं? तिनं उभं राहून सांगायचं की हा शब्द पोकळ आहे, शिष्टाचार आहे, निघणारा माणूस तोंडात येईल ते म्हणतो, त्यावर कुणी जन्म काढायचा नसतो. आणि तेही त्याच्यासमोर.

ताट तसंच ठेवून तिनं घंटा दाबली. “मला बोलणाऱ्याला प्रश्न विचारायचे आहेत,” ती म्हणाली. भाषासाक्षीला तो अधिकार होता. फक्त प्रश्न भाषेपुरते हवेत, आणि सगळ्यांसमोर.

दुपारी दालन पुन्हा भरलं. डच मंडळींना काय झालं आहे ते एव्हाना कळलं होतं. मारैकेबाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, आणि निनाद दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता, शाळेत चूक झाल्यावर बसायचा तसा. नियमाप्रमाणं काच आधी बाजूला होत नसे. पहिला प्रश्न नुसता आवाजातून यायचा.

“गिरपांनू,” ऋजुतानं मालवणीत विचारलं, “घरातसून भायर पडताना तुमच्याकडे काय म्हणतत?”

निनादची मान सरळ झाली. त्यानं कानातलं यंत्र चाचपलं, मग काढूनच हातात घेतलं, जणू यंत्रानंच काही गडबड केली असावी. काच बाजूला सरकली. त्यानं तिला पाहिलं आणि तो खुर्चीतून अर्धवट उठला.

“उत्तर द्यावं,” जामदार म्हणाले.

“येतंय म्हणतत,” निनाद म्हणाला. “एकटो आसलो तर येतंय. चार जणां आसली तर येतंव.”

“आणि खरोखरच परत येवचा आसला तर काय म्हणतत?”

दालनात कुणालाही या प्रश्नात काही खोल आहे असं वाटलं नसेल. मालवणीत निरोपाचं ‘येतंय’ वेगळं आणि ‘मी येईन’ असं वचन देणारं ‘येतलंय’ वेगळं. एका अक्षराचा फरक. ऋजुतानं स्वतःच्या व्याकरणात त्यावर पाच पानं लिहिली होती आणि ती पाच पानं सगळ्या जगाला लागू केली होती, एक खळं सोडून.

“तर येतलंय म्हणतत,” निनाद हळू म्हणाला.

“सकाळी तुमी काय म्हटलास?”

“येतंव.”

“येतलंव नाय?”

“नाय.” तो थांबला. त्याला तिथंच थांबता आलं असतं, पण तो तिच्याकडे बघत बोलत राहिला. “येतलंय म्हणूक धीर लागता. उद्याचो विचार करूचो लागता. येतंय म्हणूक काय, तोंडात आपसूक येता. धीर नसलेलो माणूस येतंय म्हणता आणि पाय उचलता. मागीर जल्मभर त्येका वाटत रवता, एक अक्षर जास्त म्हटलां असतां तर काय जीब झडली असती.”

“हे प्रश्नाला सोडून आहे,” जामदार म्हणाले.

चित्रगुप्तानं ते तरीही नोंदवलं. वर्गवारीत लिहिलं, ‘व्याकरण’.

ऋजुताला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला फार दुखेल. दुखलंच. पण त्यात आणखी एक गोष्ट होती जिची तिला सवय नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खळ्यात ती एकटी उभी नव्हती, तोही होता, आणि त्याचेही पाय तिथंच अडकलेले होते.

ती उठली. “मी साक्ष देते,” ती म्हणाली. “येतंव हा निरोपाचा शब्द आहे. त्यात होकार नाही आणि वचन नाही. वेंगुर्ल्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं.” ज्याला कळत नाही त्याला कळून घ्यायचं नसतं, हे पुढचं वाक्य तिनं आतल्या आत म्हटलं, कारण ते भाषेपुरतं नव्हतं.

दिवा निळा झाला. मारैकेबाईंनी डोळे मिटले आणि त्या आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. ते बहुधा देवाचं नाव असावं.

जामदारांनी आपले कागद आवरले. ते चिडले असते तर बरं झालं असतं, ते नुसते थकलेले दिसले. “तुमच्या एका वाक्यानं आख्खं बंदर हातचं गेलं, ताई,” ते म्हणाले. “त्यांच्या जागी आपण असतो तर त्यांनी आपल्याला सोडलं असतं?”

“नसतं सोडलं.”

“मग?”

“मग त्यांच्या जागी असण्यापेक्षा आपल्या जागी असलेलं मला बरं वाटतं, साहेब. वखार मागा ना, रोखठोक मागा. त्यांनी धडधडीत हो म्हटलं तर मीच साक्ष देईन. पण नमस्कार करणाऱ्याचा हात पिरगाळून नको.”

जामदारांनी मान हलवली. तो होकार होता की नुसता निरोप, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

बोलणी फिसकटली ती फिसकटलीच. डच मंडळी आता इथिओपियाकडे वळणार असं भवनात सगळे बोलू लागले. तिथंही काळा दगड आहे, आणि तिथले लोक वखार मागत नव्हते, निदान अजून तरी नव्हते. शिष्टमंडळाचा परवाना बोलणीपुरता होता, ती मोडली की त्याच दिवशी निघायचं होतं. गाड्या पोर्चमध्ये लागल्या. ऋजुता फाटकापाशी येऊन उभी राहिली. आपण का आलो हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

निनाद सामान गाडीत टाकून तिच्याकडे आला. जवळून तो आणखी म्हातारा दिसत होता.

“तुजो आवाज वळाखलंय मी,” तो म्हणाला. “पयल्याच शब्दाक.”

“यंत्र काढून वळाखलंस.”

“यंत्रात सगळ्यांचे आवाज सारखेच येतत.” तो हसला. मग म्हणाला, “माका वाटलां, तू हो म्हणतलंस.”

“तुका काय व्हया होता?”

त्यानं पठाराकडे पाहिलं. कातळावर विहिरींच्या तोंडांची लोखंडी झाकणं उन्हात चमकत होती. त्याखाली कुठल्या कुठल्या देशांचा धूर गपचूप दगड होत होता. “खरां सांगू? तू हो म्हटलां असतस तर माजी नोकरी गेली असती, आमच्या लोकांनी माका फाडून खाल्ल्यानी असतां. आणि तरी जेवताना माज्या मनात येय होता, म्हणूदे. दोन पावसाळे तरी होतले.”

“मग येवचा होता मधी कधीतरी,” ती म्हणाली. रागानं म्हणायचं ठरवलं होतं, तसं झालं नाही.

“पयल्यांदा येवक व्हया होता तेव्हा लाज वाटली. मागीर लाज सरली तर नियम बदलले. आये-बापूस गेले. आता माका निमंत्रण देवक थंय कोण रवलो नाय.” कुणाला दोष देत नसल्यासारखं, पावसापाण्याचं बोलावं तसं तो म्हणाला. मागून गाडीचा हॉर्न वाजला. मारैकेबाई आतून हात करत होत्या.

निनादनं हात जोडले. तोंड उघडलं, आणि मिटलं. ऋजुताला ओठांवरून कळलं की ‘येतंय’ तिथवर आलं होतं आणि त्यानं ते परत गिळलं.

“जातंय, ऋजू,” तो म्हणाला.

सबंध आयुष्यात तिनं हा शब्द दारात उभ्या माणसाकडून ऐकला नव्हता. तिच्या आईनं असा शब्द उच्चारणाऱ्याला पुन्हा घरात बोलावून, पाटावर बसवून, पाणी पाजून, मग बाहेर काढलं असतं.

“असां म्हणू नये,” ती म्हणाली. आणि पुढचं तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, आई म्हणायची तसं, सगळे म्हणतात तसं. “ये हां.”

यंत्र कानात घालून तो शेवटच्या गाडीत बसला. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि घाटाच्या दिशेनं उतरू लागली.

फाटकाच्या खांबावर चित्रगुप्ताचा एक छोटा पडदा होता. त्यावरचा दिवा पिवळा झाला. ऋजुतानं सवयीनं चष्मा खाली ओढला. अक्षरं उमटली होती. ‘पदाधिकारी म्हणाल्या : ये हां. बोली : मालवणी. भाषासाक्षी, अर्थ सांगा. निरोप की निमंत्रण?’

व्याकरणाप्रमाणं उत्तर एकच होतं, आणि ते तिनं दुपारीच साऱ्या जगासमोर दिलं होतं. ‘येतंय’चं उत्तर ‘ये’. दोन्ही पोकळ. निरोप.

पण त्यानं ‘येतंय’ म्हटलंच नव्हतं. तो ‘जातंय’ म्हणाला होता. जो ‘जातंय’ म्हणतो त्याला ‘ये’ म्हणायची रीत कुठल्याच गावात नाही, तिच्या व्याकरणात त्याला एक ओळही नव्हती. मग ते ‘ये’ आलं कुठून? तिनं स्वतःला विचारलं, अगदी भाषेपुरतं विचारलं, आणि साक्षीदारानं द्यावं तसं खरं उत्तर दिलं. खळ्यात उभी राहून ती पहिल्यांदा ‘ये’ म्हणाली होती, तेव्हाही तो निरोप नव्हता. त्याच्या शब्दात वजन नव्हतं हे खरं. तिच्या शब्दात होतं. ते कुणी तिला विचारलं नव्हतं, एवढंच.

तिनं ‘निमंत्रण’वर बोट ठेवलं. पडद्यानं खात्री करायला विचारलं, कुणाला? तिनं नाव सांगितलं, स्पष्ट, आडनावासकट.

दिवा हिरवा झाला. एकदा दिलेलं निमंत्रण दिल्लीलाही बदलता येत नसे, आणि ते ज्याचं त्याच्या कानातल्या यंत्रावर तत्काळ पोचे.

खाली घाटाच्या पहिल्या वळणावर पुढच्या गाड्या निघून गेल्या. शेवटच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले, आणि ती थांबली.